रिटर्न कोणाकडून भरून घ्यायचं? पॅन आणि ओटीपी देण्याआधी

आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर तुमच्या नावापुढे मोबाइल नंबर कोणाचा आहे? खातं स्वतः उघडलं असेल तर उत्तर सोपं. पण ज्या घरांत रिटर्न दरवर्षी कोणीतरी 'भरून देतं', तिथे हा प्रश्न विचारला की सगळे एकमेकांकडे बघू लागतात. खातं त्या माणसाने उघडलेलं असतं, पासवर्ड त्याच्याकडे असतो, आणि ओटीपीसाठी दरवेळी फोन करायला नको म्हणून नंबर आणि ईमेलही त्याने आपलाच टाकलेला असतो. त्यात दरवेळी लबाडी असते असं नाही, बऱ्याचदा सोयीसाठीच केलेलं असतं. पण आयकर विभाग नोटीस पाठवतो ती त्याच ईमेलवर. रिटर्न सदोष ठरलं तर उत्तराला मिळणारे १५ दिवस त्याच्या इनबॉक्समध्ये सुरू होतात आणि तिथेच संपतात.

म्हणून डिग्री, ऑफिस, फी या सगळ्याच्या आधी एक गोष्ट बघायची: तुमच्या खात्याच्या चाव्या तुमच्याकडे ठेवायला तो माणूस राजी आहे का. कारण कायद्याच्या दृष्टीने रिटर्न तुमचं असतं. फॉर्मच्या शेवटी पडताळणीचा मजकूर असतो, 'दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे' अशा अर्थाचा. तुम्ही ओटीपी सांगितला की त्याखाली तुमची सही झाली. 'मला काय माहीत, सगळं त्यांनीच भरलं' हे पुढे ऐकून घेतलं जात नाही.

हे नुसतं भीती घालणं नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी तपासण्या केल्या, आणि त्या रिटर्न भरून देणाऱ्यांवर व त्यांच्या मध्यस्थांवर होत्या. विभागाने नाव घेतलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. घरभाडं, राजकीय पक्षांना देणगी, शैक्षणिक कर्जाचं व्याज, आरोग्य विमा, गंभीर आजारांवरचा खर्च अशा खोट्या वजावटी टाकून परतावा काढून द्यायचा आणि त्यातला हिस्सा घ्यायचा, असा तो धंदा होता. काही जण घाऊक रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल उघडत आणि नंतर सोडून देत. नोटिसा तिथेच पडून राहत. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपणहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचंही विभागाने तेव्हा सांगितलं.

हिशोब मांडून बघा. जुन्या करपद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाच्या रिटर्नमध्ये एजंटने २,००,००० रुपयांची राजकीय देणगी टाकली. कर वाचला ६०,००० आणि त्यावरचा ४ टक्के सेस मिळून ६२,४००. एजंटने दहा टक्के, म्हणजे ६,२४० घेतले. हे उघडकीला आलं तर मूळ ६२,४०० परत भरायचे, आणि उत्पन्नाची चुकीची माहिती दिली म्हणून कलम २७० ए खाली दंड कराच्या २०० टक्के, म्हणजे १,२४,८००. झाले १,८७,२००, आणि व्याज वेगळं. एजंटचे ६,२४० त्याच्या खिशातच राहतात.

तुम्हाला नक्की कोण हवा आहे

आधी स्वतःची गुंतागुंत मोजा. एका नोकरीचा पगार किंवा पेन्शन, एक घर, बँकेचं व्याज, एवढंच असेल आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर तो आयटीआर-१, म्हणजे 'सहज'. पोर्टलवर त्यातले बरेच आकडे आधीच भरून येतात. जरा बसून वाचणाऱ्याला हे घरी जमतं. मदत हवीच असेल तर बी.कॉम. झालेला अनुभवी कर सल्लागारही पुरतो. तालुक्याच्या गावात वीस-वीस वर्षं चोख काम करणारे असे सल्लागार आहेत, आणि केवळ 'सीए नाही' म्हणून त्यांना बाजूला काढण्याचं कारण नाही. ७५ वर्षांपुढच्या आजी-आजोबांना पेन्शन आणि व्याज एकाच ठरलेल्या बँकेतून येत असेल आणि बँकेला तसं घोषणापत्र दिलं असेल, तर कर बँकच कापून घेते आणि रिटर्नच लागत नाही. त्यांच्यासाठी फी मागणाऱ्याने हे आधी सांगायला हवं.

शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले, फ्लॅट विकला, परदेशी कंपनीचे शेअर मिळाले, की काम सहसा आयटीआर-२ कडे सरकतं. एफ अँड ओ (शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) केलं तर ते धंद्याचं उत्पन्न धरतात आणि आयटीआर-३ लागतो, मग तुम्ही दिवसभर नोकरी का करत असेना. दुकान किंवा छोटा व्यवसाय अंदाजित नफ्यावर दाखवायचा असेल तर आयटीआर-४, 'सुगम'. आणि कर लेखापरीक्षण लागत असेल तर प्रश्नच मिटला: त्यावर सही फक्त प्रॅक्टिस करणाऱ्या सीएची चालते. तिथे सल्लागार 'माझ्या ओळखीचे सीए सही करून देतात' म्हणाला तर त्या सीएंना प्रत्यक्ष भेटल्याशिवाय कागद देऊ नका. न बघता केलेल्या सहीची किंमत शेवटी दुकानदारालाच मोजावी लागते.

सीए खरा आहे का

पाटीवर कोणीही काहीही लिहू शकतो. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, म्हणजे आयसीएआय, ही १९४९ च्या कायद्याने उभी राहिलेली संस्था आहे. तिच्या प्रत्येक सदस्याला सहा अंकी सदस्यत्व क्रमांक असतो. तो मागा. सही केलेल्या अहवालावर आणि प्रमाणपत्रावर तो लिहावाच लागतो, त्यामुळे मागण्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. संस्थेच्या वेबसाइटवर सदस्य शोधण्याची सोय आहे. तिथे नाव आणि क्रमांक जुळतात का ते पाहा. फर्म असेल तर तिचा नोंदणी क्रमांकही असतो. महाराष्ट्र, गोवा, गुजरात पश्चिम विभागात येत असल्याने इथल्या फर्मच्या क्रमांकाच्या शेवटी सहसा 'डब्ल्यू' असतो.

एक बारकावा हमखास सुटतो. सीए झालेला प्रत्येक जण प्रॅक्टिस करू शकतो असं नाही. त्यासाठी 'सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस' लागतं. कंपनीत पूर्णवेळ नोकरी करणारा सीए मित्र रिटर्न समजावून सांगू शकतो, पण हे सर्टिफिकेट नसेल तर व्हिसासाठीच्या नेटवर्थ प्रमाणपत्रावर त्याची सही चालणार नाही.

अशा प्रमाणपत्रांवर आणि ऑडिट अहवालांवर १८ अक्षरी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या सदस्यत्वाचे, उरलेली दहा अक्षरं संगणकाने दिलेली. मधले सहा अंक शिक्क्यावरच्या क्रमांकाशी जुळत नसतील तर कुठेतरी पाणी मुरतंय. यूडीआयएनच्या पोर्टलवर कोणालाही तो तपासता येतो. मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी असं प्रमाणपत्र घेतलं तर वकिलातीत देण्याआधी तपासून घ्या. मात्र साध्या पगाराच्या रिटर्नवर यूडीआयएन नसतो, तेव्हा त्यासाठी सीएशी वाद घालू नका.

पहिल्या भेटीत कोण कोणाला विचारतो

चांगला माणूस ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याचे प्रश्न. तो विचारतो: वर्षात नोकरी बदलली का? सगळ्या बँक खात्यांची यादी आणलीत का, ते जुनं, दोन हजार शिल्लक असलेलंही? मुलाच्या नावाने एफडी आहे का? (अज्ञान मुलाचं व्याज सहसा आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवतात.) शेअर विकले? क्रिप्टो? गावाकडे सातबारावर नाव आहे का, आणि शेतीतून किती येतं? परदेशात किती दिवस होतात? जो फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) घेतो, 'संध्याकाळपर्यंत होऊन जाईल' म्हणतो आणि एकही प्रश्न विचारत नाही, त्याच्याकडून कागद परत घ्या.

तुम्हीही दोन-तीन प्रश्न टाका. उत्तर तोंडपाठ हवं असं नाही, 'बघून सांगतो' हेही उत्तम उत्तर आहे. ठोकून दिलेलं उत्तर मात्र धोक्याचं.

पहिला प्रश्न: 'माझं उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, पण त्यात शेअरचा शॉर्ट टर्म नफा आहे. नव्या करपद्धतीत कर शून्य ना?' जो लगेच 'हो, शून्य' म्हणेल तो घसरला. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ ए खाली जी सूट मिळते ती साध्या दराच्या करावर आहे. सूचिबद्ध शेअरच्या अल्पकालीन नफ्यावरचा २० टक्के कर त्या सुटीत बसत नाही.

दुसरा, शेती असणाऱ्यांसाठी: 'शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, मग दाखवायचं कशाला?' बरोबर उत्तर असं: ते करमुक्त आहे, पण ५,००० रुपयांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना ते मोजलं जातं, आणि मग आयटीआर-१ चालत नाही. पाच लाखांच्या वर गेलं तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की खंडाची, बागायती की जिरायती, हे सगळं फॉर्ममध्ये लिहावं लागतं. 'थोडं शेतीत टाकून देऊ' म्हणणाऱ्याने दीड एकर जिरायतीत आठ लाख पिकवले, तर ते वाचणाऱ्यालाही शेती कळते हे लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न हिंजवडी-खराडीकडच्या नोकरदारांसाठी: 'अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे आरएसयू (पगारासोबत मिळणारे शेअर) मिळालेत, विकलेले नाहीत, तर दाखवायचे का?' भारतात निवासी असणाऱ्याला ते परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात, म्हणजे शेड्यूल एफएमध्ये दाखवावे लागतात. शिवाय तिथले आकडे जानेवारी ते डिसेंबर असे असतात, एप्रिल ते मार्च नव्हेत. ज्याला हे माहीत नाही तो माणूस वाईट आहे असं नाही, पण तुमच्या कामाचा नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींचंही तसंच: अनिवासींची रिटर्न नेहमी करणारा, दुहेरी कर टाळण्याचे करार हाताळलेला माणूस लागतो. गावातले घरचे सीए कितीही जुने असले तरी त्यांना आधी हे थेट विचारा.

आणि एक चालू प्रश्न: 'नव्या कायद्याने काय बदललं?' १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे जुने क्रमांक बदलले. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं रिटर्न १९६१ च्या कायद्यानुसारच भरायचं आहे. एवढं स्वच्छ सांगता येत असेल तर माणूस वाचन ठेवून आहे.

फी

आकडा आधी आणि लेखी ठरवा, व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेजही चालतो. त्यात काय-काय येतं ते विचारा: रिटर्न भरणं, ई-पडताळणीचा पाठपुरावा, रिटर्न तपासून विभाग पाठवतो ती कलम १४३(१) ची सूचना बघणं, चूक त्यांची असेल तर सुधारित रिटर्न. नोटिशीला उत्तर देण्याची फी वेगळी असणं वाजवी आहे, पण किती ते आज कळू दे.

परताव्याच्या टक्क्यावर फी मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जायचं नाही. सीएला तर निकालावर किंवा टक्क्यावर फी घ्यायला संस्थेच्या आचारसंहितेनेच मनाई आहे, मोजके अपवाद सोडले तर. टक्क्यावर काम करणाऱ्याचं हित तुमचा परतावा फुगवण्यात असतं, आणि फुगा फुटतो तेव्हा तो जवळपास नसतो. फुकट करून देणाऱ्यालाही विचारा की त्यांचं पोट कशावर चालतं. कधीकधी उत्तर विम्याची पॉलिसी असतं.

बिल घ्या. १८ टक्के जीएसटी लावला असेल तर बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यावसायिकाचा किंवा फर्मचा पॅन. लहान व्यावसायिक नोंदणीकृत नसेल तर तो जीएसटी लावूच शकत नाही.

कराचे पैसे त्यांच्या हातात नाहीत

फी वेगळी, कर वेगळा. 'चौदा हजार कर निघतोय, कॅश द्या, मी भरून टाकतो' इथेच जुनी फसवणूक होते: पैसे घेतले, पीडीएफ चलान हातात ठेवलं, आणि ते चलान बनावट. कर स्वतःच्या खात्यातून पोर्टलवरच्या 'ई-पे टॅक्स'मधून भरा. कोणत्या वर्षासाठी आणि कोणत्या प्रकारात भरायचं एवढं सल्लागाराकडून लिहून घ्या, कारण वर्षाचा पर्याय चुकला की रक्कम भलत्याच वर्षाला जमा होते आणि दुरुस्तीचा व्याप मागे लागतो. खऱ्या चलानावर सात अंकी बीएसआर कोड, तारीख आणि चलानाचा अनुक्रमांक असतो. काही दिवसांनी तीच रक्कम फॉर्म २६ एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पोर्टलवरच्या नोंदीत, दिसायला हवी. दिसली नाही तर 'होईल अपडेट' यावर महिना काढू नका.

मसुदा कसा वाचायचा

ओटीपी देण्याआधी 'कॉम्प्युटेशन' मागायचं. ही एक-दोन पानांची मोजणी असते: वर उत्पन्नाचे स्रोत, मग वजावटी, मग कर, मग कापलेला टीडीएस, शेवटी देणं किंवा परतावा. जो 'आधी भरतो, मग पाठवतो' म्हणतो त्याला थांबवा. हातात तीन कागद घेऊन बसा: फॉर्म १६, २६ एएस आणि एआयएस. एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, पोर्टलवरून उतरवून घेता येतं. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, आठ अंकांत.

आता ओळीने जा. पगाराची रक्कम फॉर्म १६ च्या भाग-ब शी जुळते का. एआयएसमधलं प्रत्येक बँकेचं व्याज आणि लाभांश कॉम्प्युटेशनमध्ये आलाय का. टीडीएसची बेरीज २६ एएस शी रुपया-रुपया जुळते का. मग वजावटींच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा: याची पावती माझ्या घरात आहे का? घर स्वतःचं असून घरभाडं दिसतंय, कधी न ऐकलेल्या पक्षाला देणगी दिसतेय, कर्ज नसताना शैक्षणिक कर्जाचं व्याज दिसतंय, तर 'सगळेच टाकतात' हे उत्तर ऐकून उठायचं. अलीकडे फॉर्ममध्येच विमा कंपनी, पॉलिसी क्रमांक, कर्ज देणारी बँक, कर्जखाते क्रमांक असले तपशील मागतात. तिथे खोटं लिहायचं तर ते पूर्ण खोटंच लिहावं लागतं.

नोकरी बदललेल्यांनी इथे जरा जास्त वेळ बसायचं. समजा, २०२५-२६ मध्ये पहिले सहा महिने पगार महिना एक लाख होता. त्या कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले, ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली आणि कर शून्य म्हणून टीडीएस कापला नाही. दुसऱ्या कंपनीत सहा महिने १,२०,००० मिळाले. तिला पहिल्या नोकरीची माहिती दिली नाही, तिने ७,२०,००० च मोजले आणि तिनेही काही कापलं नाही. दोन्ही फॉर्म १६ वर कर शून्य. पण एकत्र केलं की १३,२०,०००, वजा ७५,०००, करपात्र १२,४५,०००. टप्प्यांप्रमाणे कर ६६,७५० येतो. १२ लाखांच्या वर जेमतेम ४५,००० असल्याने सीमान्त सवलत (१२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही) लागते आणि कर ४५,००० वर थांबतो. सेस १,८०० धरून ४६,८००, आणि आगाऊ कर न भरल्याचं व्याज वेगळं. कमी अनुभवी माणूस दुसराच फॉर्म १६ घेऊन शून्य दाखवतो. एआयएसमध्ये दोन्ही पगार असतात, त्यामुळे हे लपून राहत नाही. चांगला माणूस ही वजाबाकी तुमच्यासमोर करून दाखवतो, आणि पुढच्या वेळी नोकरी बदलताना पहिल्या पगाराची माहिती नव्या कंपनीला द्यायला सांगतो.

मसुद्यात शेवटचं बघायचं ते करपद्धत आणि बँक खातं. नवी पद्धत आपोआप लागते. जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीत जावं लागतं, आणि धंद्याचं उत्पन्न असेल तर मुदतीआधी ही निवड कळवणारा फॉर्म १०-आयईए ही भरावा लागतो. दोन्ही पद्धतींचा कर शेजारी-शेजारी मांडून दाखवा म्हणायचं, दोन मिनिटांचं काम आहे. परताव्यासाठी निवडलेलं खातं तुमचंच, चालू आणि पोर्टलवर आधीच प्रमाणित केलेलं हवं. बंद पडलेल्या खात्यामुळे परतावा अडकणं ही सर्रास घडणारी गोष्ट आहे.

चाव्या

बहुतेक ऑफिसं व्यवहारात तुमच्याच पॅन-पासवर्डने लॉगिन करतात, हे मान्य करूनच चाललेलं बरं. मग निदान एवढं करा.

१. पोर्टलवर लॉगिन करा. पासवर्ड माहीत नसेल तर 'फरगॉट पासवर्ड'मधून, आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने नवा घ्या.
२. 'माय प्रोफाइल'मध्ये संपर्क तपशील उघडा. मुख्य मोबाइल आणि मुख्य ईमेल तुमचाच करा. सल्लागाराचा दुय्यम जागी टाकला तर त्यालाही सूचना जातात आणि त्याची सोयही राहते.
३. बँक खात्यांची यादी पाहा. अनोळखी काही असेल तर विचारा.
४. 'ऑथराइज्ड पार्टनर्स'मध्ये कोणाची नावं जोडलेली आहेत ते बघा.
५. काम झालं की पासवर्ड बदला.

ओटीपी फोनवर वाचून दाखवण्याआधी एसएमएस पूर्ण वाचा: तो कशासाठी आलाय हे त्यातच लिहिलेलं असतं. व्यावसायिकांचं डिजिटल सहीचं टोकन वर्षानुवर्षं सीएच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. ते कोऱ्या चेकबुकवर सह्या करून ठेवण्यासारखं आहे. काम असेल तेव्हा घेऊन जा आणि परत आणा. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ अंक झाकलेली द्या.

वेळेचंही भान हवं. शेवटच्या तिमाहीची टीडीएस विवरणपत्रं ३१ मेपर्यंत जातात आणि फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत हातात येतो, म्हणून एप्रिलमध्येच रिटर्न उरकणाऱ्याचे आकडे अपुरे असू शकतात. पगारदारांची मुदत एरवी ३१ जुलै असते. म्हणून माणूस मेमध्ये शोधायचा आणि काम जूनच्या उत्तरार्धात द्यायचं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चांगला सीए नवं काम घेत नाही, आणि जो घेतो त्याच्याकडे तुमचं एआयएस उघडायला वेळ नसतो.

भरल्यानंतर

रिटर्न अपलोड झालं म्हणजे झालं असं नाही. ३० दिवसांत ई-पडताळणी झाली नाही तर ज्या दिवशी ती होईल तीच भरल्याची तारीख धरतात. ती मुदतीनंतरची असली तर विलंब शुल्क ५,००० रुपये (उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००), आणि शेअरमधला तोटा पुढच्या वर्षांत ओढून नेता येत नाही. 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स'मध्ये स्थिती स्वतः बघा. सल्लागाराकडून पोचपावती, पूर्ण फॉर्म, अंतिम कॉम्प्युटेशन आणि जेसन फाइल (पोर्टलवर चढवलेला रिटर्नचा डेटा) अशा चार गोष्टी ईमेलवर घ्या. नुसती एक पानाची पोचपावती देणाऱ्याला बाकीचं मागा: वजावटी कुठल्या टाकल्या हे त्या एका पानावर दिसत नाही.

नोटीस आली आणि सल्लागार म्हणाला, 'ऑफिसात ओळख आहे, मिटवून टाकतो', तर दोन गोष्टी आठवा. छाननी आता मुख्यतः फेसलेस चालते, फाइल कोणत्या शहरातल्या कोणाकडे आहे हे तुम्हालाही कळत नाही आणि त्यालाही नाही. आणि खऱ्या पत्रावर डीआयएन हा त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावरून, लॉगिन न करता, तो क्रमांक टाकून पत्र खरं आहे का ते तपासता येतं. खऱ्या नोटिसा 'पेंडिंग अॅक्शन्स'खाली 'ई-प्रोसीडिंग्ज'मध्येही दिसतात. तिथे काहीच नसेल तर ते 'मिटवण्याचे' पैसे कोणाला जाणार होते हे वेगळं सांगायला नको.

मागच्या रिटर्नमध्ये खोटी वजावट सापडली तर नोटिशीची वाट पाहू नका. सुधारित रिटर्नची मुदत शिल्लक असेल तर तेच स्वस्त. ती गेली असेल तर आयटीआर-यू, म्हणजे नंतर भरायचं अद्ययावत रिटर्न आहे, निर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत. त्यात कर आणि व्याजावर जादा कर पडतो: पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ पर्यंत ५०, ३६ पर्यंत ६०, ४८ पर्यंत ७०. वर मांडलेल्या २०० टक्क्यांशी तुलना करून ठरवा. हे काम त्याच माणसाकडे परत देऊ नका. त्याच्याकडून आधी जुन्या सगळ्या जेसन फाइली, कॉम्प्युटेशन, पुढे ओढलेल्या तोट्याचा तक्ता, धंदा असेल तर घसाऱ्याचा तक्ता आणि १०-आयईए ची पोच ताब्यात घ्या. तो सीए असेल आणि गैरवर्तन गंभीर असेल तर आयसीएआयच्या शिस्तपालन विभागाकडे 'फॉर्म आय'मध्ये तक्रार करता येते. तीत व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, फीची पावती आणि ओटीपी मागितल्याच्या तारखा कामी येतात, म्हणून ते चॅट रागाच्या भरात पुसून टाकू नका.